पाठमोरं मीठ

भामरागड
४ जून १९८७

रुखमा, तुला आणि भाऊजींना जयभीम.

पोचले. आलापल्लीच्या पुढं एसटी चालते की उड्या मारते तेच कळत नाही. हाडं अजून जागेवर बसायची आहेत. चंदा बरी आहे, पण तोंडावर तेज नाही. जावईबापू शाळेतून आले की तिच्याभोवती कोंबडीसारखे फिरतात. माणूस चांगला आहे, उपयोग काही नाही.

आता मुद्द्याचं. चंदाला घेऊन पंधरवड्यात परत यायचं ठरवून मी निघाले होते, ते आता होत नाही. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "या रस्त्यानं हिला न्याल तर बाळाची आशा सोडा." मागच्या साली सातव्या महिन्यात ह्याच एसटीत तिचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. ह्यावेळी मी तिला गाडीत बसवणार नाही आणि टाकूनही येणार नाही. म्हणजे बाळंतपण इथंच, ऑगस्टात. मधल्या काळात नाले भरले की रस्ता बंद. टपालसुद्धा पाणी उतरलं की येतं, नाही तर नाही.

तेव्हा खानावळ तुझ्या हवाली. हवाली म्हणजे तुझ्या मनावर नव्हे. मालकीण मीच आहे, फक्त लांब बसले आहे. पोळ्या गिरजाबाईच करेल, भाजीत तिनं नाक खुपसू नये. भाऊजींना बाजाराला पाठव, पण वांगी तू निवडून घे, ते किडकी आणतात. नवा मेंबर आला तर त्याला सांग, बाई आल्यावर ये. मेंबर वाढले की अंदाज चुकतो.

आणि मीठ. निळ्या डब्यात मी पुड्या बांधून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर लिहिलं आहे: वरण सकाळ, भाजी सकाळ, कणीक सकाळ, तसंच रात्रीचं. पुडी सोडायची, चुलीवरच्या गंजात टाकायची, कागद चुलीत. चाखायचं नाही, कमीजास्त करायचं नाही, पोत्यातल्या मिठाला हात लावायचा नाही. पुड्या संपत आल्या की आधी कळव. मी इथून बांधून टपालानं पाठवीन.

हसू नकोस.

तुझी थोरली जाऊ,
सुगंधा


गडचांदूर
१८ जून १९८७

बाईंना रुखमाचा जयभीम, चंदाला खूप खूप माया.

पत्र मिळालं. हसले नाही. गिरजाबाई हसली.

इथं सगळं ठीक. कंपनीतले मेंबर वेळेवर येतात, खाणीवरचे उशिरा येतात आणि जास्त जेवतात, नेहमीचंच. वांगी मी निवडते. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही गेल्याचं कोणाला कळलंसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. कोणी तुमचं नाव काढत नाही, गपगुमान जेवून जातात. तेव्हा चंदापाशी निवांत राहा.

तिकडचं काही लिहिलं नाहीत. तीन नद्या एका जागी येतात म्हणतात, तर तिघींचं पाणी वेगवेगळं ओळखू येतं का? पलीकडे मध्यप्रदेश दिसतो म्हणे, तो इकडच्यासारखाच दिसतो का? माडिया बाया बाजारात काय विकतात? मी कधी चांदा सोडून पुढं गेले नाही, म्हणून विचारते.

आणखी एक विचारायचं आहे, रागावू नका. इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी उभी राहते. कांदा तुम्ही माझ्यासमोर चिरता, फोडणी माझ्यासमोर देता, पैसेसुद्धा माझ्यासमोर मोजता. मीठ घालायची वेळ आली की मात्र पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करता. मी खूपदा मान वाकडी करून पाहिलं. तुमची पाठच दिसली. काऊन बाई? मिठात आणखी काही घालता काय?

निळ्या डब्याचं झाकण जरा सैल बसतं. आणखी विशेष नाही.

तुमची,
रुखमा


भामरागड
२ जुलै १९८७

रुखमा,

पाण्यानं जरा उसंत दिली म्हणून तुझं पत्र आज आलं. तीनदा वाचलं. कोणी माझं नाव काढत नाही! सहा वर्षं ज्याला आजारपणात पेज करून घातली, तो मुखरू ड्रायव्हरसुद्धा नाही? बरं झालं, कळलं.

मध्यप्रदेश इकडच्यासारखाच दिसतो. तिकडची गायसुद्धा गायीसारखीच आहे. नद्यांचं म्हणशील तर सध्या तिन्ही गढूळ.

पुड्या एव्हाना संपायला हव्या होत्या. तू मागितल्या नाहीस. मी वाट न बघता बांधायला घेतल्या, तर टपालवाला म्हणाला, "मीठ डाकेनं पाठवता काय बाई? नाल्यातून येतो मी, आलापल्लीले जावून पानी होऊन बसन." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुड्या संपल्या असून जेवणं चालू आहेत, म्हणजे मीठ कोणीतरी घालतंय. कोण घालतंय? तू? की गिरजाबाई? कोणाला विचारून?

मला पाठीचं विचारतेस आणि पाठीमागं हे करतेस.

पाऊस दोन दिवस थांबला आहे. सोमवारी बांबूचा ट्रक आलापल्लीला जाणार आहे असं ऐकते. मी त्यात बसते. एक आठवडा तिकडं राहून घडी बसवते आणि परत येते. चंदाला विचारलं तर ती म्हणाली, "जा ना आई." एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच तांदूळ होते.

सुगंधा


गडचांदूर
११ जुलै १९८७

बाई,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. निघाला असाल तर हे वाचणारच नाही, पण निघाला नसाल तर पाया पडते, निघू नका. मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. आता सगळं सांगते.

तुमच्या पुड्या मी ते पत्र लिहिलं त्याच्या आधीच गेल्या होत्या. एका सकाळी डबा उघडला तर आत नुसता लगदा. मिठाला पाणी सुटलं, कागद विरघळला, शाई माझ्या बोटांना लागली. वरण सकाळ आणि कणीक रात्र एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. मिठाचं पोतं शेजारीच उभं होतं. गिरजाबाई म्हणाली, "बाईनं हात लावू नको म्हनलं, मी नाई लावत. तू जाऊ आहेस, तू लाव." मी म्हटलं, मला काय जीव नकोसा झालाय? दोघी पोत्याकडं बघत उभ्या राहिलो आणि तेवढ्यात मेंबर आले. तसंच वाढलं.

मुखरूनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "रुखमाबाई, आज आमचा मिठाचा उपास हाय काय?"

दुसऱ्या दिवशी मी हिंमत केली आणि वरणात मीठ घातलं. माझ्याच्यानं होणार नाही असं धरून गिरजाबाईनंही घातलं. आणि ह्या दोघी भित्र्या, असं समजून तुमच्या दिरांनी येताजाता एक मूठ टाकली. त्या दिवशी भरलेली ताटं उठली. चार मेंबर बसस्टँडवरच्या हॉटेलात जायला लागले. मी मोरीत बसून रडले बाई. तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही चंदाला सोडून आला असता, म्हणून लिहिलं नाही. आणि कोणी नाव काढत नाही असं लिहिलं ते तुमचं मन तिकडं रमावं म्हणून. रोज विचारतात, "मातारी कधी येते?"

मग मीच ठरवलं. ज्याच्या हाती गंज, त्याच्या हाती मीठ. वरण माझं, भाजी गिरजाबाईची, आणि दुसऱ्याच्या गंजाकडं बघायचंसुद्धा नाही. वाढण्याआधी जिनं केलं तिनं मेंबरांसमोर बसून चार घास खायचे. बिघडलं तर तिचं तोंड आधी वाकडं होईल. तुम्ही म्हणाला होता गिरजाबाईनं भाजीत नाक खुपसू नये, ते मी मोडलं. काय बोलायचं ते आल्यावर बोला.

मीठ घालायला मी आठ दिवसांत शिकले. पण गिरजाबाईच्या भाजीचं झाकण उघडून बघायचं नाही, हे अजून जमत नाही. हात आपोआप जातो. मग मी उगाच पाणी भरायला निघून जाते. तुम्हाला सगळं स्वतः करावंसं का वाटतं ते आता थोडं कळतं.

हॉटेलात गेलेले परत आले. मुखरू काल म्हणाला, "बाईच्या हातचं मले जरा अळणीच लागे. पन बोलन कोन?" हे लिहू की नको असं झालं होतं. पण खोटं लिहून पाहिलं, ते पचत नाही.

येऊ नका. तुम्हाला माझी शपथ आहे.

रुखमा


भामरागड
२४ जुलै १९८७

रुखमा,

मी निघाले होते.

सोमवारी सकाळी ट्रकच्या केबिनमध्ये बसले. चंदा दारापर्यंत आली. अर्ध्या वाटेवर नाल्यानं पूल गिळला होता. ड्रायव्हर म्हणाला, उतरेल. आम्ही बसलो. पाणी वाढतच गेलं. तिथं बसल्या बसल्या मी वरणाचा विचार करत होते, खरंच सांगते, वरणाचाच. आणि एकदम मनात आलं, आत्ता ह्या घटकेला चंदाला काही झालं तर मधे हा नाला आहे आणि मी त्याच्या काठावर वरणाचा विचार करत बसले आहे. ड्रायव्हरला म्हटलं, गाडी फिरव. तो म्हणाला, फिरवतोच आहे, पुढं जायला जागा कुठं आहे.

घरी आले तर चंदा भिंतीकडं तोंड करून पडली होती. काही बोलली नाही. चुलीपाशी माझ्या वाटणीचा भात झाकून ठेवलेला होता. मी परतणार हे तिला ठाऊक नव्हतं, तरी ठेवला होता.

तुझं पत्र त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आलं. राग आला, मग हसू आलं, भाऊजींच्या मुठीवर तर मोठ्यानं हसले. चंदा म्हणाली, काय झालं? तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून ती बोलते आहे. मुखरूला सांग, अळणी लागत होतं तर सहा वर्षं मागून मागून का जेवलास?

आता पाठीचं. तू विचारलंस म्हणून सांगते. ह्यांच्या मागं मी खानावळ उघडली तेव्हा कंपनीचं बांधकाम चालू होतं. गावोगावची माणसं आली होती. गिरजाबाई कुणब्याची, तिला पोळ्यांना ठेवलं. वरण-भाजी माझी. पहिल्याच आठवड्यात काही जण म्हणायला लागले, "आमाले नुसत्या पोळ्या द्या बाई. पोट बरं नाई." रोज पोट बरं नाही. पोळी, मिरची आणि कांदा खाऊन उठायचे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पाहिला की त्यांचं पोट बिघडायचं, हे मला कळत होतं. मी भांडले नाही. भांडून खानावळ चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून कणकेतसुद्धा मीठ मीच घालायला लागले. म्हटलं, माझ्या हातचं चुकवून ह्या घरात आता कोणी जेवून दाखवावं.

मिठात आणखी काही घालत नव्हते. पण तेव्हा मीठ घालताना मला रडू यायचं. गिरजाबाईला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करायची. पुढं ती माणसं वरणही मागून खायला लागली, रडणंही थांबलं. पाठ तेवढी राहिली. ती का राहिली हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस.

चंदाचे दिवस भरत आले आहेत. पाय सुजले आहेत. मला भीती वाटते.

सुगंधा


गडचांदूर
९ ऑगस्ट १९८७

बाई,

तुमचं पत्र मी दुपारी भांडी घासून झाल्यावर वाचलं आणि तशीच बसून राहिले. गिरजाबाईनं विचारलं, "काय लिवलं?" मी तिला सगळं वाचून दाखवलं. वाचावं की नाही कळत नव्हतं, पण वाचलं.

ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "मले माईत होतं ते रडून राह्यली म्हनून. म्हनूनच तं मी कधी विचारलं नाई." आणि म्हणाली, "तवा मले माह्या गावचे बी बोलत, तिच्या घरी काऊन कामाले जातेस? मी कोनाले सांगितलं काय?" इतकी वर्षं तुम्ही दोघी एका चुलीशी बसलात आणि एकमेकींपासून हे लपवलंत. मला तुमचं दोघींचं नवल वाटतं.

बाई, तुम्हाला जे हवं होतं ते झालेलं आहे. आता गिरजाबाई माझ्या हातचं वरण सगळ्या मेंबरांच्या आधी खाते आणि सगळ्यांच्या देखत मला नावं ठेवते. भाजीला ती मीठ घालते तेव्हा तुमचं काही कमी होत नाही. असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

आता एक मोठं काम आलं आहे. चुनखडीच्या खाणीवरचा कंत्राटदार काल आला होता. म्हणतो, त्याच्या माणसांना तिथंच जेवण हवं. शेड तो देईल, पाणी तो देईल, खानावळ आपण चालवायची. म्हणजे एक इथं, एक तिथं. दोन्हीकडं मी उभी राहू शकणार नाही आणि तुम्हीही नाही. एकीकडं गिरजाबाईला एकटीला सोडावं लागेल. तुमचे दीर म्हणतात नको, गिरजाबाई म्हणते घे, मला रात्री झोप येत नाही. त्याला पोळ्याच्या सणाआधी उत्तर हवं आहे, नाहीतर तो बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्याला देणार.

मी तुमच्याशिवाय ठरवणार नाही. पत्र मिळताच लिहा. चंदाचं काय झालं? इथं सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे. मुखरू रोज येऊन विचारतो.

रुखमा


भामरागड
२९ ऑगस्ट १९८७

रुखमा, आधी गोड बातमी. चंदाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक आपल्या घरचं आहे, रंग जावईबापूंचा.

आता कसं झालं ते ऐक. भर दुपारी कळा सुरू झाल्या. सिस्टर सकाळीच पलीकडच्या गावात गेल्या होत्या आणि मागं नाला भरला. जावईबापू धावत जाऊन शेजारच्या पाड्यातली दाई घेऊन आले. बुधरी तिचं नाव, माडिया. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. मी म्हटलं, हिच्या हाती माझी लेक? मी पाणी तापवलं, कापड फाडलं, चंदाची कंबर दाबली, बुधरीला हातवारे करून सांगत राहिले, असं नको, तसं कर. तिनं थोडा वेळ सहन केलं. मग उठली, माझं मनगट धरलं, मला बाहेर आणून ओट्यावर बसवलं. टोपलीभर वास्ते माझ्यासमोर ठेवले, विळा हातात दिला आणि आत जाऊन दार लावलं.

आत माझी लेक ओरडत होती आणि बाहेर मी बांबूचे कोंब सोलत होते. दोनदा उठले, दारापर्यंत गेले. हात कडीवर गेला. तू लिहिलं होतंस ना, हात आपोआप जातो. परत येऊन बसले. मला देव नाही, मी कोणाला हाक मारू? मी बुधरीलाच मनात म्हटलं, बाई, आता तूच. सगळी टोपली संपली, सोललेलेच पुन्हा सोलायला घेतले आणि आतून रडणं ऐकू आलं. चंदाचं नव्हे.

मी ओट्यावर बसून सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले. कोणाकडं पाठ केली नाही.

जावईबापूंनी नंतर सांगितलं, मला बाहेर आणताना बुधरी त्यांना माडियात म्हणाली होती, हिच्या आईला काहीतरी काम द्या, नाहीतर ती मलाच बाळंत करील. वास्त्याची भाजी संध्याकाळी तिनंच केली. मीठ तिनंच घातलं. चांगली झाली होती.

तुझं पत्र आज आलं. बाळाला मांडीवर घेऊन वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले. पान भरून लिहिलं. शेड कुठल्या तोंडाची हवी, लाकूड कोणाकडून घ्यायचं, गिरजाबाईला कुठं ठेवायचं आणि कंत्राटदाराला काय काय ठणकावून सांगायचं. लिहून झाल्यावर चंदा म्हणाली, "आई, पोळा कधीचा झाला."

खरंच झाला. इथल्या बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा पावसानं धुऊन निघाला आहे. ते पान मी चुलीत घातलं.

म्हणजे तू त्याला काहीतरी उत्तर देऊन बसली आहेस, आणि ते काय हे मला ठाऊक नाही. माझ्या खानावळीचं काय ठरलं हे मला ठाऊक नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय. चंदा म्हणते, काकूनं हो म्हटलं असेल. मी म्हणते, नाही म्हटलं असेल. सकाळपासून आमची ह्यावर पैज लागली आहे आणि मीच हरावं असं मला वाटायला लागलंय. काय म्हणाली असशील ते म्हणाली असशील, खानावळीचा शब्द तोच.

फक्त मला सांग रुखमा, काय म्हणालीस?

तुझी जाऊ,
सुगंधा